बंदरावरचे शब्द घाटाच्या पायथ्याशी

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर कडाव नावाचे गाव आहे. गणपतीच्या देवस्थानामुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. एरवी ते भातशेतीचे गाव. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, पश्चिमेस माथेरानचा डोंगर. समुद्र येथून दिसत नाही, खारा वारा येथे लागत नाही, आणि खाडीची भरती तर पुष्कळच अलीकडे, कल्याणच्या बाजूस, थकून मागे फिरते. अशा गावी बंदराची भाषा शोधावयास जाणे म्हणजे भाताच्या खाचरात मोती शोधण्यासारखे आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल.

परंतु तेथील एखाद्या घरातले दिवसभराचे बोलणे जरा कान देऊन ऐकावे. घरचा कर्ता पुरुष आषाढात नांगर धरतो. धाकटा मुलगा पोलिसांच्या भरतीस जाण्याची तयारी करतो. थोरला कर्जतच्या स्थानकावर उतारूंच्या गर्दीत उभा असतो. घरच्या सुनेचे माहेर घाटावरचे असते. चुलता लाकडाच्या वखारीत हिशेब लिहितो, आणि गावच्या उत्सवाची सुकाणू समिती संध्याकाळी देवळात जमते. नांगर, भरती, उतारू, घाट, वखार, सुकाणू. या सहाही शब्दांचा बंदराशी किंवा जलमार्गाशी संबंध आहे, आणि तेथे त्यांचा अर्थ निराळा आहे. बोलणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात त्या क्षणी समुद्र नसतो. शब्दांच्या पोटात मात्र तो असतो.

हे शब्द एवढ्या आत आले कसे, याचे उत्तर प्रथम भूगोल देतो. उल्हास नदी कर्जत तालुक्यातून उत्तरेकडे वाहत जाऊन कल्याणपाशी खाडीस मिळते. खालापूर तालुक्यातील पाताळगंगा पश्चिमेकडे धरमतरच्या खाडीची वाट धरते. म्हणजे या दोन तालुक्यांतील पावसाचे पाणी जसे बंदराकडे जाते, तसाच बंदरावरचा माल त्याच खोऱ्यांतून डोंगराकडे येत असे. कल्याण हे फार जुने बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’ यात त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातच असलेली कोंडाण्याची लेणी त्याहूनही जुनी मानली जातात. एवढे खोदकाम रानात उगाच होत नाही. लेण्याच्या जवळून वाट जात असते आणि वाटेवरून व्यापारी जात असतात. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हस्तगत केली, तेव्हा मराठ्यांच्या राज्यास खाडीचे तोंड मिळाले.

पुढे मुंबईची भरभराट झाली तेव्हा पुण्याकडे जाणारा माणूस मचव्याने पनवेलीस उतरे, तेथून खालापूर, खोपोली करीत बोर घाट चढे. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेला तलाव हा या रहदारीचाच साक्षीदार आहे. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत बोर घाटातून गाड्यांचा रस्ता झाला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला; १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले आणि १८६३ मध्ये आगगाडी बोर घाट चढून गेली. मचवा, बैल, गाडी, आगगाडी अशी वाहने बदलत गेली. माल मात्र एका वाहनातून दुसऱ्यात उतरताना प्रत्येक वेळी माणसाच्या खांद्यावरून गेला, आणि त्या माणसाच्या तोंडून शब्दही एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात गेले.

‘घाट’ हा शब्दच पाहावा. त्याचे मूळ संस्कृतातील ‘घट्ट’ हे आहे, आणि त्याचा अर्थ पाण्यात उतरण्याची, नाव लागण्याची जागा. काशीचे घाट किंवा नाशिकचे घाट म्हणताना हा अर्थ आजही जिवंत आहे. नदीच्या घाटावर चढउतार करावयाची असते आणि माल एका हातातून दुसऱ्या हातात द्यावयाचा असतो. डोंगराच्या खिंडीतही हेच घडते. कोकणची पायवाट संपते, चढ लागतो, ओझी पुन्हा बांधावी लागतात, जकात द्यावी लागते. म्हणून डोंगरातील वाटेसही घाट हे नाव शोभले. मग घाटापलीकडचा सारा मुलूख ‘घाट’ झाला. कोकणातला मनुष्य पुण्यास गेला तरी ‘घाटावर गेला’ असेच म्हणतात. परदेशी लोकांनी वाटेचे नाव ऐकले आणि ते सबंध डोंगराला लावले. इंग्रजी नकाशांत सह्याद्री ‘वेस्टर्न घाट्स’ झाला, आणि २०१२ मध्ये याच नावाने तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. नदीची पायरी अशा रीतीने शेकडो मैलांची पर्वतराजी होऊन बसली.

एका शब्दाला अनेक अर्थ येतात ते सर्व एकाच मार्गाने येत नाहीत. पहिला मार्ग हा असा, एकच शब्द ताणला जाण्याचा. ‘भरती’ म्हणजे भरणे. खाडी पाण्याने भरते ती भरती, आणि पलटण माणसांनी भरते तीही भरतीच. फरक एवढाच, की समुद्राची ओहोटी ठरलेल्या वेळी येते. ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’पासून आलेला. जहाजाच्या मागील बाजूस असलेली, दिशा वळवणारी फळी म्हणजे सुकाणू. पण संस्थेचे किंवा राज्याचे सुकाणू हाती घेणाऱ्यास ती फळी कधी दिसलेलीही नसते. ‘उतारू’ हा मूळचा पाणी उतरून जाणारा, नावेतला. आगगाडी आली तेव्हा तिच्यात बसणाऱ्यास नवे नाव शोधावयाची गरज पडली नाही. नावेतला उतारू डब्यात येऊन बसला.

याच जातीचे शब्द इंग्रजीतही आहेत, आणि त्यांपैकी काही आता मराठी घरांतून सर्रास वावरतात. ‘बर्थ’ हा शब्द आज आरक्षणाच्या तिकिटावर असतो. बंदरात जहाजाने नांगर टाकण्याची जागा म्हणजे बर्थ. त्यावरून जहाजातील मनुष्याच्या निजण्याची जागा, आणि तेथून आगगाडीतील फळी. ‘पायलट’ प्रथम सुकाणूवरचा, बंदराचे खडक आणि वाळूचे दांडे ओळखून परक्या जहाजास आत आणणारा. आता तो बहुतेकांना आकाशातच ठाऊक असतो. स्थानकावरील फलकावर गाडीच्या ‘अरायव्हल’ची वेळ लिहिलेली असते. या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘रिपा’, म्हणजे तीर, हा शब्द आहे. पोहोचणे म्हणजे तीरास लागणे. ‘ऑपॉर्च्युनिटी’ या शब्दाच्या मुळाशी बंदराच्या दिशेने वाहणारा अनुकूल वारा आहे. हे वाचून कोणी इंग्रजांच्या दर्यावर्दीपणाचे कौतुक करील. परंतु मराठी माणूसही काम ‘तडीस’ नेतो आणि कार्य ‘पार’ पाडतो. तड म्हणजे काठ, पार म्हणजे पलीकडचा तीर. लग्नकार्य निर्विघ्न पार पडले असे म्हणणारी कडावची गृहिणी आणि वेळापत्रक लिहिणारा इंग्रज कारकून, दोघांच्याही बोलण्यात कोणीतरी नदी ओलांडलेली असते.

दुसरा मार्ग निराळा आहे. येथे दोन भिन्न कुळांतले शब्द एकाच रूपात येऊन भेटतात. ‘सारंग’ म्हटले म्हणजे संगीतप्रेमी माणसास दुपारचा राग आठवतो आणि संस्कृत जाणणारास हरिण. बंदरावर मात्र सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. तो फारशी ‘सरहंग’, म्हणजे नायक, या शब्दापासून आला. ‘यारी’ ही दोस्तीही आहे आणि ओझे उचलणारे यंत्रही. ‘नांगर’ शेतात असतो तो संस्कृत ‘लांगल’ याच्या कुळातला; जहाजाच्या नांगरास फारशीत ‘लंगर’ म्हणतात. उच्चार जवळचे, आणि कामही अगदी परके नाही. दोघांचाही लोखंडी दात भूमीतच रुततो. एक चालण्यासाठी रुततो, दुसरा थांबण्यासाठी, एवढाच भेद.

इंग्रजीतील ‘डॉक’ हेही असेच उदाहरण आहे. जहाज आत घेऊन बांधण्याची जागा ती डॉक, आणि न्यायालयात आरोपी उभा करतात तोही डॉक. पण दुसरा शब्द फ्लेमिश भाषेतील पिंजऱ्याच्या शब्दावरून आला असे कोशकार सांगतात. मराठीने पहिल्या डॉकला ‘गोदी’ म्हटले. गोद म्हणजे मांडी. चोहोंकडून भिंती असलेल्या शांत पाण्यात जहाज बसते, तेव्हा ते आईच्या मांडीवर असल्याचा भास होतो. शब्दाचे मूळ काहीही असो, ऐकणाराच्या मनात ही दोन चित्रे एकत्र आल्यावाचून राहत नाहीत. ‘पोर्ट’ या शब्दाची तर फेरीच पूर्ण झालेली आहे. पोर्ट म्हणजे बंदर. पोर्तुगालातील एका शहराचे नावच ‘बंदर’ अशा अर्थाचे, पोर्तो. तेथून जी मदिरा बाहेर जाई तीही पोर्ट झाली, आणि पिंपांत भरून पुन्हा जगातील बंदरांवर उतरली.

हा केवळ शब्दांचा खेळ आहे असे समजू नये. जहाजावर एका शब्दाचे दोन अर्थ, किंवा दोन शब्दांचा सारखा उच्चार, म्हणजे जिवाशी गाठ. इंग्रजी जहाजांवर उजव्या बाजूस ‘स्टारबोर्ड’ आणि डाव्या बाजूस ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात, शिडांच्या फडफडाटात, ही दोन नावे सारखीच ऐकू येत. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून ‘लारबोर्ड’ बंद केला आणि डाव्या बाजूस ‘पोर्ट’ म्हणावयास लावले. हिंदी खलाशी असलेल्या जहाजावर तर अडचण दुप्पट होती. हुकूम देणारा एका भाषेचा आणि दोर ओढणारे दुसऱ्या भाषांचे. म्हणूनच कॅप्टन टॉमस रोबक याने १८११ मध्ये कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्थानी नाविक कोश प्रसिद्ध केला. त्यात अरबी, फारशी, पोर्तुगीज आणि देशी शब्द एका दोरात वळलेले आहेत. हा कोश विद्वानांच्या चर्चेसाठी झालेला नव्हता. डोलकाठी मोडण्यापूर्वी शीड उतरावे यासाठी झालेला होता.

मुंबईच्या गोद्यांत हीच संमिश्र भाषा चाले. १८७५ मध्ये ससून डॉक झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा. बंदरावर बोटी लागण्याच्या बांधीव काठास मराठीत ‘धक्का’ म्हणतात. भाऊचा धक्का सर्वांच्या परिचयाचा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गठड्या आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी चारच्या सुमारास ते जहाज फुटले, काही वेळाने दुसरा स्फोट झाला, आणि गोदीतील व आसपासच्या वस्तीतील शेकडो माणसे प्राणास मुकली. आग विझवावयास धावलेले जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी मुंबईत ‘धक्का’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच जागी आले.

तिसरा मार्ग सर्वांत विचार करावयास लावणारा आहे. शब्द मालासारखा प्रवास करतो खरा, पण वाटेत त्याची किंमत घसरतेही. ‘लष्कर’ म्हणजे सैन्य. मराठीत या शब्दाचा रुबाब अद्याप कायम आहे. तोच पोर्तुगिजांच्या तोंडी गेला, तेथून इंग्रजांच्या, आणि ‘लास्कर’ म्हणजे जहाजावरील हिंदी खलाशी असा त्याचा अर्थ झाला. दोन्ही महायुद्धांत अशा हजारो खलाशांनी ब्रिटिश व्यापारी जहाजे चालविली; गोऱ्या खलाशापेक्षा त्यांचा पगार कमी आणि निजण्याची जागाही अपुरी असे. ‘खलाशी’ या शब्दाचा ‘खलास’शी संबंध सांगतात, आणि खलास म्हणजे सुटका. बंदर सुटले की तो दर्यात, असा अर्थ कोणास सुचेल. पण ज्याची सुटका सर्वांत अवघड त्याला हे नाव मिळाले. पुढे तंबू ठोकणारा, मोजणीची साखळी धरणारा आणि रेल्वेच्या कारखान्यात हाताखाली राबणारा, तेही खलाशीच ठरले. लोहमार्गाच्या आसऱ्याने राहणाऱ्या कर्जतसारख्या गावांना खलाशी हा शब्द नोकरीच्या कागदावरून ठाऊक झाला. त्यासाठी समुद्र पाहण्याची आवश्यकता नव्हती.

‘हमाल’ हा अरबी शब्द. हम्ल म्हणजे ओझे, ते वाहणारा हमाल. मुंबईच्या इंग्रजी घरांत तो घरगडी झाला. ज्या ‘घाट’ शब्दाला इंग्रजांनी पर्वताचा मान दिला, त्याच्यापासून झालेला ‘घाटी’ मुंबईच्या चाळींत आणि गिरण्यांच्या दारांत तुच्छतेचा शब्द होऊन बसला. घाट उतरून आलेला मनुष्य पोटासाठी आला होता. त्याच्याच खांद्यावर गोदीतली गाठोडी उतरली. ओझे उचलणाराची किंमत ज्या समाजात कमी, तेथे ओझे उचलणाराचे नावही शिवीच्या वाटेस लागते. शब्दाचा यात दोष नाही. तो नुसता आरसा आहे.

याच्या उलट दिशेनेही शब्द गेलेले आहेत. ‘वखार’ म्हटल्याबरोबर इतिहासाच्या वाचकास सुरतेची वखार आठवते. १६१३ पासून इंग्रजांनी तेथे बस्तान बसविले, आणि त्या व्यापारी कोठीतून पुढे राज्य उभे राहिले. आज वखार म्हणजे जळाऊ लाकडांचा, फार तर इमारती लाकडांचा अड्डा. इंग्रजांनी स्वतः त्या कोठीस ‘फॅक्टरी’ म्हटले होते, कारण तेथे ‘फॅक्टर’, म्हणजे कंपनीचे अडते, राहत. तेथे काही तयार होत नसे. माल फक्त साठविला जाई. आता खोपोलीचा मनुष्य फॅक्टरीत कामास जातो तेव्हा चिमणी आणि भोंगा त्याच्या डोळ्यांपुढे असतो. एकाच घराची दोन नावे. एक लाकडाच्या ढिगापाशी येऊन थांबले, दुसऱ्याने यंत्रयुगात प्रवेश केला.

बंदरे नाहीशी होतात, हेही शब्दच सांगतात. भारतातील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघाली. त्या बंदरास आज मचवे लागत नाहीत. भराव पडला, समुद्र मागे हटला, आणि बंदर हे एका स्थानकाचे नाव होऊन राहिले. पुढे स्थानकाचे अधिकृत नावही बदलले, बदललेले पुन्हा बदलले, तरी जुन्या पिढीच्या तोंडी बोरीबंदर टिकून राहिले. मस्जिद बंदर म्हणणाऱ्यास तेथे मसाल्याचा आणि सुक्या मेव्याचा बाजार दिसतो, पाणी दिसत नाही. कल्याणच्या खाडीत जगाची जहाजे येत होती याचा पुरावा गाळाखाली गेला. अशा ठिकाणी शब्द हाच उरलेला दगड असतो. म्हणूनच मोल्सवर्थ यांचे ऋण मोठे आहे. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १८५७ मध्ये वाढविलेल्या त्यांच्या मराठी-इंग्रजी कोशात केवळ पोथीतले शब्द नाहीत. कोकणातले, देशावरचे, कारागिरांचे आणि कुणब्यांचे शब्दही त्यांनी व त्यांच्या पंडितांनी टिपून ठेवले. जो शब्द कोणी टिपला नाही, तो बोलणाराबरोबर गेला.

आणि हे काम संपलेले नाही. १९८९ मध्ये उरणजवळ न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि मुंबईचा बराचसा माल खाडीपलीकडे रायगड जिल्ह्यातच उतरू लागला. २००२ मध्ये पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. म्हणजे बंदर पुन्हा घाटाच्या पायथ्याजवळ आले, आणि वाट पुन्हा तीच, बोर घाटाची. तिच्यावरून एक नवा शब्द आत आलेला आहे. ‘कंटेनर’ म्हणजे वस्तुतः माल भरावयाची लोखंडी पेटी. जहाजावरून ती जशीच्या तशी गाडीवर ठेवता येते. परंतु घाटात कंटेनर उलटला असे वृत्तपत्रात छापून येते, तेव्हा त्याचा अर्थ पेटी असा नसतो. सबंध मालगाडा, चाकांसह आणि चालकासह, असा असतो. इंग्रजी कोशात हा अर्थ सहसा मिळत नाही. तो खालापूरच्या रस्त्याने, तेथील चहावाल्यांनी आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी दिलेला आहे.

दोन हजार वर्षांपूर्वी कोंडाण्याच्या लेण्याखालून बैलांचे तांडे जात, तेव्हाही हेच घडत असले पाहिजे. बंदरावरून शब्द येतो, घाटाच्या पायथ्याशी त्याचे ओझे उतरते, आणि तेथील माणूस ते आपल्या सोयीने पुन्हा बांधतो. कडावचा शेतकरी नांगर खांद्यावर घेऊन बांधावरून जातो तेव्हा समुद्राची त्याला आठवण नसते, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु भाषेचा इतिहास लिहिणाराने त्याच्या बांधापर्यंत चालत गेले पाहिजे. केवळ बंदरावर उभे राहून तो पुरा व्हावयाचा नाही.